हंबकर पिकअपवर धातूचं कव्हर बसवताना
भाऊ, हंबकर म्हणजे गिटारच्या तारांचा आवाज पकडणारा दोन कॉइलचा पिकअप. त्याचं कव्हर घ्यायच्या आधी मोजमाप करा. पिकअपवरच्या, तारांखालच्या सहा स्क्रूंपैकी पहिल्या आणि सहाव्याच्या मध्यांमधलं अंतर कुठे 49-50 मिमी, तर कुठे 52-53 मिमी असतं. चुकलं की भोकं जुळतच नाहीत. कव्हर निकेल सिल्व्हरचंच (तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू) घ्या. जाड पितळेत एडी करंट (धातूतच गोल फिरणारे विद्युतप्रवाह) तयार होऊन गिटारचा चढा, खणखणीत आवाज दबतो.

तारा काढून पिकअप बाहेर घ्या. कव्हरची आतली कड आणि पिकअपची खालची पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत घासा. तेलकट बोट लागलं तरी सोल्डर धरत नाही. नागपूरच्या बर्डीवरून साधं 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणाल तर ते या पत्र्यापुढे गारच पडतं. 60 वॅटचं, रुंद टोकाचं घ्या. कव्हर क्लॅम्पने घट्ट दाबा, दोन बाजूंना सोल्डरचा एकेक टाका मारा, झटपट. रेंगाळलात तर आतली कॉइल भाजते. मे महिना असला तरी तेवढा वेळ कूलर बंदच ठेवा, वाऱ्याने सांधा लवकर थंड होतो.

मग मेण. कव्हर आत हललं की मोठ्या आवाजात पिकअप किंचाळतो. पॅराफिन पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, थेट आचेवर कधीच नाही. थर्मामीटर 65 अंशांवर ठेवा. त्याहून जास्त तापलं तर बॉबिनचं (कॉइल गुंडाळलेल्या रिळाचं) प्लास्टिक वाकतं. पिकअप त्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, पुसा.