घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं? या चुका टाळा

अमळनेरमध्ये आमचं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी गर्दी ओसरली की एखादा माणूस काउंटरवर वाकून हळूच सांगतो, "भाऊ, गयामा काहीतरी अडकेल शे." जेवण उतरतं, पाणी उतरतं, ताप नाही, दुखतही नाही. पण गोळा आहे. कुणाला तो सुपारीएवढा वाटतो, कुणाला केस चिकटल्यासारखा, तर कुणाला दोन बोटांनी गळा धरल्यासारखा. मी विचारतो, "घरात सध्या काही चाललंय का?" मग हळूहळू निघतं. कापणीला आलेली केळी वादळात झोपली, सोसायटीचं कर्ज थकलं, लेकीचं लग्न तोंडावर आलं.

हा त्रास मी स्वतः काढला आहे. वडील आजारी होते, रात्री दवाखान्यात आणि दिवसा दुकानात जायचो, आणि त्याच दिवसांत माझ्या गळ्यात हा गोळा येऊन बसला. तो चार महिने राहिला. त्यातले निदान दोन महिने मीच वाढवले, असं मला आज वाटतं. कसे, तेच सांगतो.

आधी गोळा म्हणजे काय ते पाहू. गळा दाटून येतो, आवंढा गिळावा लागतो, प्राण कंठाशी येतात. मन आणि गळा यांचं हे नातं आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूचं एक कडं असतं. एरवी ते मिटलेलं असतं, घास आला की क्षणभर उघडतं. काळजीत खांदे, जबडा आवळतात तसंच हे कडंही जास्त आवळतं आणि आपल्याला तिथे काहीतरी असल्याचं जाणवतं. श्वासनलिका या कड्याच्या पुढच्या बाजूला, वेगळी असते. म्हणून कितीही भीती वाटली तरी या आवळण्याने श्वास बंद पडत नाही. मानेचे स्नायू आवळल्याने असं होतं, हे जॉन पर्सेल नावाच्या डॉक्टरने १७०७ मध्येच लिहून ठेवलं होतं. तरीही पुढे कितीतरी काळ या त्रासाला उन्मादाचं नाव चिकटलं आणि तो बायकांच्या माथी मारला गेला. १९६८ मध्ये ‘ग्लोबस फॅरिंजियस’, म्हणजे घशातला गोळा, हे साधं नाव सुचवलं गेलं. माझ्या काउंटरवर हे सांगणाऱ्यांत पुरुष काही कमी नाहीत. ते फक्त उशिरा सांगतात.

गिळून गिळून पाहणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती जवळजवळ प्रत्येक जण करतो. गोळा गेला का हे पाहायला आवंढा गिळायचा. नाही गेला? पुन्हा गिळायचा. आत्ता एक करून बघा: तोंडात काही नसताना लागोपाठ सहा वेळा गिळा. चौथ्या-पाचव्या वेळी निरोगी माणसाचाही गळा अडतो, कारण गिळायला लाळच उरलेली नसते. ज्याला आपण गोळा म्हणतो त्यातला मोठा वाटा असा आपल्याच तपासणीतून तयार होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तोंडाला सतत कोरड पडते. त्या दिवसांत हे आणखीच जाणवतं.

गिळावंसं वाटलं की पाण्याचा छोटा घोट घ्या. बाटली हाताशी ठेवा. पाणी नसेल तर दात एकमेकांपासून थोडे वेगळे करा, जीभ खाली सैल सोडा आणि तोंड मिटून जांभई दिल्यासारखं करा. जांभईत स्वरयंत्र खाली येतं आणि गळा आतून मोकळा होतो. हलकंसं गुणगुणणंही उपयोगी पडतं. मी दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या लावताना गुणगुणायचो.

खाकरण्याचंही असंच. खाकरताना स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटतात, तिथे चुरचुर होते, थोडा कफ सुटतो आणि तो काढायला पुन्हा खाकरावं लागतं. आरशासमोर मोबाइलचा टॉर्च धरून घसा बघणं, बाहेरून बोटांनी दाबून पाहणं हेही थांबवा. दाबल्यावर जे कडक लागतं ते बहुतेक वेळा आपल्याच स्वरयंत्राची कूर्चा असते. पडजीभ खाली आली म्हणून कुणाकडून ती दाबून घेऊ नका. त्यात जखम होते, आणि गोळा तिथे नसतोच.

भाकरी सोडणं

घास अडकेल या भीतीने माणसं आधी भाकरी सोडतात, मग पोळी, मग नुसत्या खिचडीवर आणि वरणाच्या पाण्यावर येतात. मीही कळण्याची भाकरी तीन आठवडे ताटात घेतली नव्हती. त्याने होतं असं की वजन उतरतं आणि उतरलेलं वजन पाहून मनात कॅन्सरची भीती बसते. खरं तर काळजीच्या गोळ्याची ओळखच ही की जेवताना तो कमी होतो किंवा जातो, आणि रिकाम्या वेळी परत येतो. जेवण हा त्यावरचा उतारा आहे. भाकरी दुधात किंवा डाळीत कुस्करून सुरू करा, चार दिवसांनी लहान घास नीट चावून खा. चावण्याने जबडाही सैल होतो.

एक गोष्ट मात्र सांभाळा. रात्री अकराला शेतात भरिताची पार्टी किंवा तर्रीदार शेवभाजी, आणि लगेच आडवं होणं. पोटातलं आम्ल घशापर्यंत आलं की हाच गोळा जाणवतो. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा.

मनाने औषधं घेणं

हे माझ्या धंद्याचं आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. ताप नाही, घसा दुखत नाही, तर प्रतिजैविकांचं काम नाही. आम्लपित्ताच्या गोळीने काहींना फरक पडतो, पण ती साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते आणि महिनोन्‌महिने आपल्या मनाने चालू ठेवायची नसते. ज्येष्ठमधाची कांडी दिवसभर चघळणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांनी जपावं. जास्त ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं.

सगळ्यात जास्त काळजी मला अल्प्राझोलामची, म्हणजे घबराट शमवणाऱ्या गोळीची वाटते. शेजाऱ्याने दिलेली अर्धी गोळी घेतली, तासाभरात गळा सुटला, म्हणून माणूस चिठ्ठीशिवाय मागायला येतो. ही गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि देऊही नये. काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागते, आणि एकदम बंद केली तर घबराट दुप्पट होऊन परत येते. डॉक्टर काळजीसाठी जी रोजची औषधं देतात त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पाचव्या दिवशी ‘लागू पडत नाही’ म्हणून ती सोडणारे मी खूप पाहिलेत.

घाबरून मोठमोठे श्वास ओढणं

‘दीर्घ श्वास घे’ असं जो तो सांगतो. घाबरलेला माणूस मग तोंडाने भराभर हवा ओढतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, गळा आणखी आवळतो. लक्ष श्वास सोडण्याकडे द्या. नाकातून चार मोजत घ्या, ओठांचा चंबू करून सहा-सात मोजत सोडा, एक हात पोटावर ठेवा. पाच मिनिटं पुरे. हे त्रास नसताना रोज केलं तरच त्रासाच्या वेळी जमतं.

सगळंच काळजीवर ढकलणं

इथे चूक केली तर ती महागात पडते. घास खरोखर अडकत असेल, गिळताना दुखत असेल, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला असेल, मानेला गाठ लागत असेल, थुंकीत रक्त असेल, वजन उतरत असेल किंवा एकाच बाजूला घसा आणि कान दुखत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. तंबाखू-चुना मळणाऱ्यांनी, सुपारी-गुटखा खाणाऱ्यांनी तर वाट पाहूच नये. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडं अजून लाल आहेत. थायरॉइड वाढल्यानेही गळ्यात दाब वाटतो.

शेताचा बांध चढताना गळा-जबडा आवळतो आणि थांबलं की सुटतो, असं होत असेल तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. त्याच दिवशी ईसीजी काढा. आणि ओठ-जीभ एकाएकी सुजली, अंगावर गांध्या उठल्या, श्वासाला घरघर लागली तर १०८ ला फोन करा.

जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत घसा तपासायचीही सोय आहे आणि मानसोपचाराचीही. नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहायला काही मिनिटं लागतात. एकदा नीट तपासून घ्या, आणि ठीक निघालं तर ते मान्य करा. एका डॉक्टरने ठीक सांगितलं म्हणून दुसऱ्याकडे, दुसऱ्याने सांगितलं म्हणून नाशिकला, हे फिरणंही आवंढा गिळून पाहण्यासारखंच आहे. त्याऐवजी काळजीवर उपचार घ्या. घरून बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

घरच्यांसाठी एक. "आता कसा आहे गोळा?" असं दर तासाला विचारू नका. विचारलं की माणूस आवंढा गिळून बघतो आणि गोळा परत येतो. "मनाचे खेळ आहेत" असंही म्हणू नका, कारण स्नायू खरोखर आवळलेला असतो. माझ्या बायकोने विचारणं थांबवलं आणि रात्री जेवल्यावर माझ्याबरोबर बोरी नदीच्या पुलापर्यंत चालायला येऊ लागली. त्या वाटेवर आम्ही वडिलांच्या तब्येतीबद्दल बोलायचो, मुलांच्या शाळेबद्दल बोलायचो, माझ्या घशाबद्दल मात्र नाही.