हृदयरोग आहे? ताटातून आधी काय काढायचं

सुरुवात मिठापासून करा. दिवसभराचं सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, एवढंच मीठ चालतं. घोळ भाजीत नसतो, तो ताटाच्या कडेला असतो: लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, ठेचा. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, त्यातही सोडियमच. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्तदाब चढतो. हृदय कमजोर असेल तर पायावर सूज येते, दम लागतो. ठेचा खायचाच तर मीठ न घालता, लिंबू पिळून.

बाजारात मिळणारं 'कमी सोडियमचं' मीठ मनानं आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. बीपीच्या काही गोळ्यांसोबत ते रक्तात धोकादायक वाढतं. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. घरात चौघं असतील तर दोन लिटर वेगळं काढून ठेवा, त्यातच महिना भागवा. गोळाभातावर कढवलेल्या तेलाची धार नको, फोडणी एक चमचा पुरे. सावजी रस्सा, तर्री पोह्यांवरची तर्री टाळा. बाजारातले भजे तर नकोच, कारण तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलेलं असतं. डालडाही बंद.

वॉरफेरिन किंवा अॅसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर पालेभाजी सोडू नका, पण रोज साधारण सारखीच खा. एक दिवस ढीगभर, मग आठवडाभर काहीच नाही, असं केलं की रक्त पातळ राहण्याचं गणित बिघडतं.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, हे खाणं नव्हेच. तो आजच बंद.