गावातल्या दिवंगत पायदळ जवानांची नोंदवही कशी करावी

खानदेशात या कामाला आखाजीइतका (अक्षय्य तृतीयेइतका) सोयीचा दिवस नाही. घरोघरी पितरांची घागर भरलेली असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि बापाच्या ट्रंकेत काय ठेवलंय हे बऱ्याचदा लेकीलाच नीट ठाऊक असतं. एक जाड वही, मोबाइल आणि साधं भिंग एवढं पुरतं.

आधी कागद, मग आठवणी. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं सेवेचं पुस्तक) आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश मागा. त्यावरून सैनिक क्रमांक, पद, रेजिमेंट, पलटण, भरती आणि निवृत्तीच्या तारखा जशाच्या तशा उतरवा. गावात फौजेतून आलेल्याला सर्रास ‘मेजर’ म्हणतात, पुस्तकात मात्र हवालदार निघतो. वहीत हवालदारच लिहा. गावातली ओळख हवी तर पुढे जोडा. एकाच माणसाचे दोन क्रमांक सापडले तर एक खोडू नका. नायब सुभेदार झाल्यावर ‘जेसी’ने सुरू होणारा नवा क्रमांक मिळतो. पलटणीच्या नावातही फसगत होते: घरचे ‘काली पांचवी’ म्हणाले की लिहिणारा 5 मराठा लिहून मोकळा होतो. ती 2 मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे त्या रेजिमेंटची दुसरी पलटण.

फोटो उंबऱ्याजवळ, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून काढा. मूळ कागद घराबाहेर नेऊ नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. ते पुन्हा सुटत नाही आणि जुना कागद कायमचा अडकतो. पीपीओचा फोटो कुणाला पाठवण्याआधी बँक खात्याचा आकडा झाका.

आता मेडल. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. कड भिंगाखाली फिरवा. क्रमांक, पद आणि नाव बहुधा तिथे ठोकलेलं असतं. चकाकी आणायला ब्रासो घासला की पहिली झिजतात ती हीच अक्षरं. कोरड्या मऊ फडक्याने पुसलं की झालं. मग मेडल कोणतं ते पाहा. 1965 चं रक्षा मेडल आणि 1971 चं संग्राम मेडल मोर्चापासून लांब, डेपोत असलेल्यांनाही मिळालं आहे. प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातल्यांसाठी 1965 चा समर सेवा स्टार, 1971 चा पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार. म्हणून नुसतं संग्राम मेडल बघून ‘बांगलादेशच्या लढाईत लढले’ असं लिहायचं नाही. ‘1971 साली सेवेत’ एवढंच लिहा. डेपोतली नोकरीही नोकरीच असते, तिला फोडणी द्यायची गरज नाही.

घरचे सांगतील ते वेगळ्या शाईने, सांगणाऱ्याचं नातं आणि तारीख टाकून लिहा. अहिराणीत सांगितलं तर अहिराणीतच उतरवा.

कागद गहाळ असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयालाही लिहिता येतं: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर. अर्ज पत्नीच्या किंवा मुलांच्या सहीने करा आणि सैनिक क्रमांक असेल तर ठळक लिहा. नुसत्या नावावर शोध घेणं अवघड, एका नावाचे अनेक जण निघतात.

दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत शोधता येतात. यादी 31 डिसेंबर 1947 पर्यंतच्या मृत्यूंची आहे. रोमन स्पेलिंग कसंही असतं, तेव्हा चार-पाच प्रकारे टाकून पाहा. जिल्हा जळगाव-धुळे टाकू नका. त्या काळी पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश होते.

ग्रामपंचायतीसमोर फलक लावायचा असेल तर फ्लेक्स नको, आपल्याकडच्या उन्हात लवकर उडतो. काळा ग्रॅनाइट, कोरीव अक्षरं. युद्धात पडलेले आणि निवृत्तीनंतर घरी वारलेले यांची नावं वेगळ्या मथळ्यांखाली घ्या. सगळ्यांमागे ‘शहीद’ लावलं की खऱ्या वीरगतीचा हिशेब राहत नाही. दगडावर टाकी पडण्याआधी मजकुराचा कागद प्रत्येक घरी वाचून दाखवा आणि त्यावर सही घ्या. कोरलेला काना-मात्रा दुरुस्त करायचा तर अख्खी पाटी बदलावी लागते.