माहिती आयोगाने लावलेला दंड आयोगाकडूनच बदलून मिळतो का?

ठाणे, नवी मुंबईतल्या प्रकरणांत शास्तीचा, म्हणजे माहिती उशिरा दिल्याबद्दल अधिकाऱ्याला लावलेल्या दंडाचा, आदेश येतो तो बेलापूरच्या कोकण भवनातल्या राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडून. आदेश हाती पडला की बरेचसे ‘जन माहिती अधिकारी’ (कार्यालयात माहिती देण्यासाठी नेमलेले अधिकारी) ‘पुनर्विलोकन अर्ज’ ठोकून मोकळे होतात. तो टिकत नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मध्ये आयोगाला आपलाच निर्णय गुणदोषांवर, म्हणजे तो बरोबर की चूक या अंगाने, पुन्हा तपासायचा अधिकार दिलेला नाही. कलम १८(३) मधले दिवाणी न्यायालयाचे अधिकार साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे अशा चौकशीपुरते आहेत. आणि कायद्याने दिल्याशिवाय पुनर्विलोकनाचा अधिकार नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने पटेल नरशी ठाकरशी प्रकरणात १९७० मध्येच सांगून ठेवले आहे.

म्हणून आधी हातातला कागद नीट वाचा. ती नुसती कारणे दाखवा नोटीस असेल, तर निर्णय अजून झालेलाच नाही. पुनर्विलोकन कसले मागता? मुदतीत लेखी खुलासा द्या आणि सुनावणीला हजर राहा. कलम २० नुसार आपण वाजवीपणे व तत्परतेने वागलो, हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्यावरच असते. खुलासा पटून नोटीस मागे घेतली गेली, तर तेही पुनर्विलोकन नव्हे.

अंतिम आदेश झाला असेल, तरी दोन गोष्टींसाठी आयोगाकडे परत जाता येते.

पहिली, हिशेबाची किंवा लेखनाची चूक. शास्ती दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये. म्हणजे १०० दिवसांत मर्यादा गाठली जाते. समजा अर्ज ३ जूनला मिळाला, माहिती देण्याचे ३० दिवस ३ जुलैला संपले आणि माहिती ५ सप्टेंबरला दिली. विलंब ६४ दिवस, शास्ती १६,००० रुपये. आदेशात ‘मुदतीनंतर ६४ दिवस’ असे लिहून पुढे २३,५०० आकारले असतील, तर पहिले ३० दिवसही धरले गेले आहेत. ही दुरुस्ती मागता येते. अर्ज ३ जूनला मिळाला की २० जूनला, हा वाद मात्र गुणदोषांचा. तो इथे उकरून काढू नका.

दुसरी, कार्यपद्धतीतला दोष. नोटीस जुन्या कार्यालयात गेली, तुमची बदली आधीच झालेली, आणि आदेश एकतर्फी झाला. सुनावणीची संधी न देता शास्ती लावता येत नाही, हे कलम २० मध्येच आहे. असा आदेश मागे घेऊन पुन्हा सुनावणी घेणे हे गुणदोषांवरच्या पुनर्विलोकनापेक्षा वेगळे, असा फरक सर्वोच्च न्यायालयाने ग्रिंडलेज बँक प्रकरणात (१९८०) केला आहे. अर्जावर ‘एकतर्फी आदेश मागे घेण्याबाबत’ असा विषय लिहा. बदलीचा आदेश, कार्यभार हस्तांतरणाचा अहवाल आणि नोटीस कुठे पोचली त्याचा टपाल पुरावा जोडा. प्रत अर्जदारालाही पाठवा. त्याला न ऐकता बदललेला आदेश पुढे तेवढाच कच्चा ठरतो. स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.

बाकी सगळ्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका. आयोग आणि मूळ अर्जदार दोघांनाही प्रतिवादी करा आणि स्थगिती वेगळी मागा, कारण नुसत्या याचिकेने पगारातली वसुली थांबत नाही. रिटला ठरलेली मुदत नाही म्हणून निवांत राहू नका. आयोगाच्या दारात घालवलेले महिने उच्च न्यायालयात अंगलट येतात. आदेशात कारणेच नसतील, किंवा शिस्तभंगाची शिफारस न ऐकता केली असेल, तर मनोहर अंचुले (२०१२) हा महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा जोडा.

अर्जदारांसाठी: आयोगाने आपलीच शास्ती गुणदोषांवर पुनर्विचार करून रद्द केली, तर प्रमाणित प्रत घेऊन तुम्हीही रिट करू शकता. शास्तीची रक्कम मात्र सरकारजमा होते. तुम्हाला झालेल्या नुकसानीची भरपाई हवी असेल, तर कलम १९(८)(ख) खाली आयोगापुढच्या दुसऱ्या अपिलातच पुराव्यासह मागा. निकालानंतर ती मागणी घुसवायला जागा उरत नाही.