नॉमिनी बदलल्याचं कळलं: वकिलाकडे जाण्याआधीची तयारी

नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला, पुढे ते गेले, आणि आता कळतंय की मधल्या काळात त्यांच्या पीएफ-पेन्शनला नॉमिनी म्हणून दिराचं नाव लागलंय. अशा वेळी पहिला कागद मिळवायचा तो बदललेल्या नॉमिनेशनची नक्कल, तारखेसकट. पुढची धावपळ सगळी त्या तारखेभोवतीच.

मात्र ‘मन ठिकाणावर नव्हतं’ म्हणून भांडायच्या आधी नियम बघा. सरकारी कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्र करूनही भलत्याला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये व्हायोलेट इझाक खटल्यात सांगितलंय. कंपनीच्या पीएफला १९५२ ची योजना लागू असेल तर बायको-मुलं असताना भावाच्या नावाचं नॉमिनेशन मुळातच टिकत नाही. कित्येक प्रकरणं इथेच मिटतात. डॉक्टरांच्या फायलीपर्यंत जावंच लागत नाही.

नॉमिनी सासूबाई किंवा मोठा मुलगा असेल तर ते नियमात बसू शकतं, तेव्हा मात्र फाइल लागते. डिस्चार्ज कार्ड, एमआरआय आणि त्या तारखेच्या आगेमागची औषधांची चिठ्ठी काढून ठेवा. स्मरणशक्तीची तीस गुणांची चाचणी झाली असेल तर तारखेसकट तिचा कागद सोन्यासारखा जपा. नुसतं ‘डिमेन्शिया’ (स्मृतिभ्रंश) लिहिलेलं पुरत नाही. करार कायद्याचं कलम १२ म्हणतं की एरवी भ्रमिष्ट असलेला माणूसही भानावर असताना करार करू शकतो, आणि समोरचा वकील नेमकं तेच धरून बसतो. म्हणून त्या आठवड्यात घरी कोण होतं, ते कुणाला ओळखत होते, हे नर्सबाईंना आणि शेजाऱ्यांना आत्ताच विचारून लिहून ठेवा.

सहीसाठी बँकेतली जुनी सही, सेवापुस्तकातली सही शोधा. उजवा हात लुळा पडलेला आणि फॉर्मवर लफ्फेदार सही, म्हणजे तो वाद समजेचा नाही, बनावट सहीचा आहे. दोन्ही एका दमात सांगू नका, वकिलांना आधी एक ठरवू द्या. ऑनलाइन नॉमिनेशन असेल तर आधारचा ओटीपी ज्या मोबाईलवर आला तो त्या दिवशी कुणाच्या हातात होता, तेवढं शोधा.

आणि पैसे अजून वाटले नसतील तर आजच कार्यालयात लेखी हरकत द्या, पोच घ्या. नॉमिनी पीएफच्या पैशाचा मालक होत नाही, वारसांचा हक्क राहतोच. पण नॉमिनीच्या खात्यात गेलेली रक्कम परत मिळवायची म्हणजे दिवाणी दावा.