पत्रकारितेच्या एम.ए.ला बसण्याआधी

कागदपत्रांचं आधी उरकून टाकू, त्यात सांगण्यासारखं फार नाही. पदवी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे बी.कॉम., बी.एस्सी.वाल्यांनी बिचकू नये. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर मायग्रेशनचा अर्ज आजच टाका. प्रवेशाच्या धावपळीत हाच कागद हमखास मागे राहतो. नॉन-क्रीमीलेअरची मुदत बघून ठेवा. नाशिकमध्येच एचपीटी कॉलेजात शिकायचं, मुक्त विद्यापीठाचा रस्ता धरायचा की पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट गाठायची, हे घरचा खर्च बघून ठरवा.

टायपिंगचं मात्र स्वतःशी खरं बोला. मोबाइलवर बोलून मजकूर उमटवणं म्हणजे टायपिंग नव्हे. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर महिनाभर रोज अर्धा तास बसलात तर हात बसतो. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरांची कशी माती होते, तेही एकदा बघून घ्या. बातम्या तपासणाऱ्या डेस्कवर पहिल्या आठवड्यात तेच निस्तरावं लागतं.

आता आकड्यांकडे येतो, कारण माझी फजिती तिथेच झाली. पहिल्या सत्रात लासलगावला कांद्याच्या लिलावाची बातमी करायला गेलो. फळ्यावर किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव होते. मी कमाल भाव उचलला आणि तोच इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीलाच, घातला. दुसऱ्या दिवशी निफाडकडच्या एका काकांचा फोन आला, ‘‘भाऊ, तो भाव एका ट्रॉलीला मिळाला. आम्ही दीडशे जण काय भावाने विकून आलो, ते लिहा ना.’’ कमाल भाव खोटा नव्हता, पण बातमी खोटी झाली होती. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी एक सकाळ लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतला घालवा. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा ओळखता आला पाहिजे. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत टिकतो, लाल टिकत नाही, म्हणून भाव पडला तरी लालवाल्याला थांबता येत नाही. एवढं कळलं तरी अर्धी बातमी समजते.

पावसाळ्यातही तसंच. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की आपण सगळे गोदावरीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघायला धावतो आणि पाणी तिच्या कमरेला लागलं की छातीला, हेच मथळ्यात जातं. ते जाऊ द्या, नाशिककराला तीच भाषा कळते. पण विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, हे तुमच्या वहीत असू द्या.

थिअरीला घाबरून गाइड विकत घेऊ नका. मॅकॉम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी 1968च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिलमधल्या 100 अनिश्चित मतदारांना काय महत्त्वाचं वाटतं ते विचारलं आणि माध्यमांतल्या विषयांशी ताडून पाहिलं. त्यातून अजेंडा सेटिंगची, म्हणजे माध्यमं ज्याला महत्त्व देतात तेच लोकांना महत्त्वाचं वाटतं, ही मांडणी निघाली. तुम्ही पंधरा दिवसांची पहिली पानं काढा, पंचवटीत आणि सातपूरमध्ये वीस-वीस जणांना त्यांची अडचण विचारा. सिद्धान्त कुठे बसतो आणि कुठे फसतो, ते हाताला लागेल. जुने अंक लागले तर 1840पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहेच. सभासदत्व आधी घेऊन ठेवा.

सीनियरच्या झेरॉक्स नोट्स घ्या, पण माध्यम कायद्याचा भाग फाडून टाका. 1867च्या प्रेस कायद्याच्या जागी 2023चा नवा कायदा आला, तो 1 मार्च 2024पासून लागू आहे. बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356मध्ये आहे, जुन्या दंड संहितेचं 499 पाठ करणारे अजून भेटतात.

प्रबंधाचा विषय पहिल्याच सत्रात घोळवायला लागा. 2027चा सिंहस्थ सगळ्यांनाच सुचणार. घ्या, पण ‘माध्यमे आणि कुंभमेळा’ असला अवाढव्य विषय नको. एका दैनिकाची तीन महिन्यांची पहिली पानं घ्या आणि त्यांतल्या रस्ते-पाण्याच्या बातम्यांना नाव घेऊन बोलणारा किती वेळा सापडतो आणि ‘सूत्रांनी सांगितले’ किती वेळा, एवढंच मोजा. विषय एसटीने जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरात असावा, हा माझा हट्ट आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज लागणार असेल तर हिशेब उलटा मांडा. उत्तराला 30 दिवस, नाही आलं तर पहिल्या अपिलाला 30 दिवसांची मुदत, आणि अपिलाच्या निर्णयाला पुन्हा 30 ते 45 दिवस. म्हणजे सत्र संपलंच. महाराष्ट्रात अर्जात एकच विषय आणि 150 शब्द चालतात. मुद्द्याचं विचारायची सवय तिथेच लागते. अर्जाला लावायचे दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प चार-पाच आणून पाकिटात ठेवा, ऐन वेळी कोर्टाबाहेर रांग असते.