‘कनेक्टेड’ दिसतंय, पण नेट नाही: स्टेशनवरच्या वायफायला लॅपटॉप जोडताना

गणपती गेले की माझ्या घराचा छापखाना होतो. गिरगावात घरूनच डीटीपी करते मी. दिवाळी अंकांची पानं लावायची, पीडीएफ करून प्रेसला धाडायची. दोन वर्षांपूर्वी ऐन त्या दिवसांत जिन्याचं रंगकाम निघालं, आमची केबल तुटली आणि चार दिवस नेट गायब. फोनचा डेटा दुपारीच संपायचा. शेवटी लॅपटॉप पिशवीत घातला, चर्नी रोडहून दोन स्टेशनं गेले आणि मुंबई सेंट्रलच्या बाकावर बसले.

तिथेच का, तर जानेवारी २०१६ मध्ये गूगल आणि रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीने स्थानकांवरचं वायफाय याच स्थानकापासून सुरू केलं होतं, एवढं मला आठवत होतं. गूगलने २०२० मध्ये यातून अंग काढून घेतलं, पण रेलटेलचं ‘रेलवायर’ चालू राहिलं. पहिली तीस मिनिटं फुकट, वेग १ एमबीपीएस. मार्च २०२१ मध्ये पैसे भरून वापरायच्या योजना आल्या, तेव्हा दहा रुपयांत दिवसाला ५ जीबी असा सर्वांत स्वस्त दर होता. लोकलचं तिकीट नसेल तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा, ते दोन तास चालतं. फुकट नेटसाठी दंड भरायची वेळ नको.

जोडायची रीत सोपी आहे. वायफायच्या यादीतून नाव निवडायचं, लॉगिनचं पान उघडतं, तिथे मोबाईल नंबर टाकायचा, फोनवर ओटीपी येतो, तो लॅपटॉपवर भरायचा. म्हणजे एसएमएस येईल असा फोन जवळ हवाच. ही ओळखपाळखीची भानगड दूरसंचार विभागाच्या २००९ सालच्या सूचनांपासूनची आहे, त्यामुळे सार्वजनिक वायफायवर ती सहसा टळत नाही.

घोडं पेंड खातं ते लॉगिनच्या पानापाशी. ते उघडतच नाही. कोपऱ्यात ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ दिसतं आणि आपण वायफायला शिव्या घालत बसतो. पहिल्या दिवशी माझी अर्ध्या तासातली वीस मिनिटं अशीच गेली असती, पण ओटीपीच आला नव्हता म्हणून घड्याळ सुरूच झालं नव्हतं, एवढं नशीब.

होतं काय, तर तुम्ही लॉगिन करेपर्यंत ते वायफाय तुमची प्रत्येक मागणी अडवतं आणि तिच्या जागी स्वतःचं पान पुढे करतं. ही अदलाबदल साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपी पानावरच जमते. आजकाल जीमेल काय, बँक काय, सगळं कुलूपवालं, म्हणजे एचटीटीपीएस. तिथे मध्येच कुणी दुसरं पान घुसवलं की ब्राउझर धोक्याची पाटी लावतो किंवा नुसता गोल फिरत राहतो. म्हणून लॉगिनसाठी मुद्दाम साधं पान उघडायचं. त्यासाठीच बनवलेली एक साइट आहे: ‘नेव्हर’ आणि ‘एसएसएल’ जोडून लिहा, पुढे डॉट कॉम. ती टाइप केली की बहुतेक वेळा लॉगिनचं पान समोर येतं. धोक्याची पाटी दिसली तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. तो टॅब बंद करून हे साधं पान उघडा.

तरीही आलं नाही? मी भाच्याला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न, “मावशी, व्हीपीएन चालू आहे का?” चालू होता, त्यानेच घालून दिलेला. व्हीपीएन म्हणजे आपलं नेट झाकून नेणारं अ‍ॅप. तो सगळी वाहतूक स्वतःच्या बोगद्यातून न्यायला बघतो, आणि लॉगिनआधी बोगद्याचं तोंडच बंद असतं. आधी लॉगिन, मग व्हीपीएन. दुसरा प्रश्न डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या नेटवरच्या डिरेक्टरीचा. घरचं नेट जलद व्हावं म्हणून त्यानेच कधीतरी गूगलच्या डीएनएसचा चार आठांचा पत्ता (८.८.८.८) भरून ठेवला होता. लॉगिनच्या पानाचं नाव कित्येकदा त्या वायफायच्या स्वतःच्या डीएनएसलाच ठाऊक असतं, बाहेरच्याला नाही. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ केलं आणि पान टुण्णकन आलं. भाच्याने घातलेल्या दोन्ही गाठी भाच्याकडूनच सोडवून घेतल्या.

कधी त्याच्याही आधीची पायरी हुकते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहून बघा, लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर वायफायने तुम्हाला पत्ताच दिलेला नाही आणि लॅपटॉपने आपल्या मनाने एक लावून घेतलाय. वायफाय तोडून पुन्हा जोडा किंवा दहा पावलं सरकून बसा. लॅपटॉपची तारीख-वेळ चुकलेली असली तरी सुरक्षित पानं रुसतात. बॅटरी पार मेलेल्या जुन्या मशीनवर हे हमखास.

आणि पुन्हा पुन्हा लॉगिन मागत असेल तर ‘रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस’ बघा. हा मशीनच्या वायफाय-यंत्राचा स्वतःचा पत्ता, वायफाय तुमच्या मशीनला त्याच्यावरूनच ओळखतं. तो रोज बदलायला ठेवला असेल तर तुम्ही रोज नवे पाहुणे.

आता अर्धा तास पुरवायचा कसा. १ एमबीपीएसने ८० एमबीची पीडीएफ जायला गणिताने अकरा मिनिटं, प्रत्यक्षात जास्तच. तेवढ्यात विंडोज मागच्या दाराने अपडेट ओढायला लागलं की संपलंच. म्हणून जोडल्याजोडल्या सेटिंगमध्ये त्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ करा, म्हणजे विंडोज नेट जपून वापरतं, आणि ड्राइव्हचं सिंक (फाइली आपोआप चढवणं-उतरवणं) थांबवा. फाइल घरीच तयार हवी. बाकावर बसून शुद्धलेखन तपासायचं नाही (मी तपासलं आहे, वेलांटी सापडली, पण फाइल गेली नाही).

सावधगिरीचं म्हणाल तर नेटवर्क ‘पब्लिक’ ठेवा, म्हणजे तुमचे फोल्डर शेजारच्या बाकाला दिसणार नाहीत. सारख्या नावाचं खोटं वायफाय कुणीही फोनवरून उभं करू शकतं. लॉगिनचं पान ईमेलचा पासवर्ड मागू लागलं किंवा काही इन्स्टॉल करायला सांगू लागलं तर उठून चालू पडा. पैशांचे व्यवहार मी फोनच्या डेटावरच करते, अगदी वायफायचे पैसे भरायचे असले तरी.

गर्दीच्या वेळी काहीच सरकत नसेल तर फोनच्या हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने टेदरिंग करा, म्हणजे फोनचा डेटा केबलमधून लॅपटॉपला द्या. शेकडो फोन हवेत एकाच वेळी बोलत असताना तुमच्या हॉटस्पॉटलाही तीच हवा वाटून घ्यावी लागते, केबलला नाही. वर फोनही चार्ज होत राहतो.

निघताना त्या वायफायवर ‘फरगेट’ दाबा, नाहीतर पुढच्या वेळी त्याच नावाचं काहीही दिसलं की लॅपटॉप न विचारता जाऊन चिकटतो. पण डीएनएस ‘ऑटोमॅटिक’च राहू द्या. मी घरी येऊन पुन्हा चार आठ भरले होते, आणि पुढच्या अंकाच्या वेळी त्याच बाकावरून भाच्याला पुन्हा फोन लावला.